कोतवालाची वही आणि ठाण्याची डायरी

जात पडताळणीचा प्रस्ताव तयार करताना पूर्व विदर्भातली कुटुंबे आजही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एक जुनी नोंद शोधत येतात. तिला कोतवाल बुक म्हणतात, कुठे कोतवाल पंजी. पणजोबांचा जन्म कोणत्या गावी आणि कोणत्या साली झाला, त्यांच्या बापाचे नाव काय, जात काय, हे त्या वहीत सापडते. मध्य प्रांताच्या काळात गावचा कोतवाल ठरलेल्या दिवशी ठाण्यात हजेरी लावी आणि गावात कोण जन्मले, कोण मेले, कोण परका येऊन राहिला याची खबर देई. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. लिहिणारा हात दुसऱ्याचा असे, माहिती मात्र त्याची असे. तीच माहिती तीन-चार पिढ्यांनंतर उच्च न्यायालयात पुरावा म्हणून वाचली जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या पोलीस व्यवस्थेचा इतिहास मी या वहीपासून सुरू करतो, कारण त्या इतिहासातला मुख्य दोष तिथेच दिसतो. गाव ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे तपासाचा अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे तपासाचा अधिकार आहे त्याला गाव ठाऊक नाही, अशी रचना इथे दीडशे वर्षे जाणूनबुजून ठेवली गेली. पोलिसांचे शिक्षण, भरती, बढती, बदल्या या सगळ्यांवर तिची छाप आहे. जंगल आणि सीमा यांनी वेढलेल्या या जिल्ह्याने तिची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजली, असे माझे म्हणणे आहे.

सीमा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, आणि या सीमा फार जुन्या नाहीत. वैनगंगेच्या पूर्वेचा हा तलावांचा, धानाचा आणि सागवनाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात एकसंध होता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर तो भंडारा जिल्ह्यात आला. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला गेला आणि लांजीकडचा भाग तिकडे गेला. तरीही प्रांत एकच होता. भंडाऱ्याचा फौजदार आणि बालाघाटचा फौजदार एकाच नागपूरकडे पाहत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि बाघ नदीच्या अलीकडे एक राज्य व पलीकडे दुसरे असे झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड झाले आणि जिल्ह्याच्या पूर्वेला तिसरे राज्य उभे राहिले. सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाच्या डोंगरात उभा माणूस थोडी पायपीट करून तीन राज्यांच्या तीन पोलीस दलांच्या हद्दी ओलांडू शकतो. लग्ने, बाजार, कचारगडची यात्रा, तेंदूपत्त्याचा हंगाम यांनी या हद्दी कधी मानल्या नाहीत. त्या मानाव्या लागल्या फक्त पोलिसांना.

भोसल्यांच्या काळी जंगलपट्टीचा बंदोबस्त जमीनदारांकडे होता. कामठा, आमगाव, चिचगड अशा जमीनदाऱ्या टाकोळी नावाची थोडी रक्कम भरत, आणि बदल्यात घाट सांभाळणे, वाटसरूंना संरक्षण देणे, चोर हजर करणे ही जबाबदारी त्यांच्यावर असे. कामठ्याचा चिमणा पाटील १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेविरुद्ध उभा राहिला, यावरून या मंडळींच्या हाताखाली किती माणसे आणि किती दरारा होता हे कळते. ही व्यवस्था न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. जमीनदाराचा माणूस चोर पकडी तसाच वेठीलाही धरी. १८६१ हे साल दोन अर्थांनी निर्णायक ठरले. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच वर्षी पोलीस कायदा आला. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी लिहिलेल्या त्या कायद्याला मुख्यतः कवायती, हुकूम पाळणारे, वरून खाली आज्ञा झिरपणारे दल हवे होते. जिल्ह्याला अधीक्षक, त्याखाली निरीक्षक, त्याखाली ठाणी. गाव मात्र या शिडीच्या बाहेर राहिले. गावात गावप्रमुख मुकद्दम आणि त्याच्या हाताखाली कोतवाल. मध्य प्रांतात हे काम बहुतेक ठिकाणी महार, काही भागांत पनका किंवा गांडा समाजाच्या माणसाकडे असे. त्याचा मोबदला गावकऱ्यांनी धान्याच्या रूपाने द्यायचा. ठाण्याचा शिपाई सरकारी पगारी, कोतवाल गावाचा चाकर. ठाण्याला जे कळे ते त्याच्या तोंडून कळे, पण ठाण्याच्या दृष्टीने तो पोलीस नव्हता.

ही फारकत केवळ सवयीने पडली असती तर कालांतराने बुजली असती. पण ती तत्त्व म्हणून लिहून ठेवली गेली, आणि लिहिणारा माणूस याच प्रांतातला होता. सर अँड्र्यू फ्रेझर यांची नोकरीची बहुतेक वर्षे मध्य प्रांतात गेली. ते इथले मुख्य आयुक्त झाले आणि १९०२-०३ च्या भारतीय पोलीस आयोगाचे अध्यक्षही. त्यांच्या आयोगाने पोलिसांवर ओढलेले कोरडे आजही वाचावेत असे आहेत. दल अकार्यक्षम आहे, प्रशिक्षण आणि संघटना सदोष आहेत, लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी मानतात, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. उपाय सुचवताना मात्र त्यांनी एक रेघ ओढली. तपासाचे काम शिपायाकडे देऊ नये, त्याच्याकडे पहारा, आरोपीला पोचवणे, बंदोबस्त असली यांत्रिक कामे असावीत. तपास करील तो थेट भरती झालेला, शिकलेला, चांगल्या घरातला उपनिरीक्षक. गावचा चौकीदार गावप्रमुखाच्या हाताखाली राहावा, पोलिसांच्या नव्हे. या शिफारशींमागे सद्हेतू होता. शिपाई गावात जाऊन पैसे उकळतो, म्हणून त्याला गावापासून दूर ठेवा, असा तो विचार. १९०६ मध्ये सागरला पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली ती याच सुधारणांच्या लाटेत. मध्य प्रांतातले फौजदार तिथे कायदा, कवायत, पंचनामा शिकले. पण शिकण्याची सोय झाली ती वरच्यांसाठी. खालच्याला शिकवण्याची गरजच नाही असे आयोगाने ठरवून टाकले, आणि मग पुढची पाऊणशे वर्षे त्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखवून त्याला तपासापासून लांब ठेवण्यात आले. आधी दार बंद करायचे आणि मग आत कोणी येत नाही अशी तक्रार करायची, असा हा प्रकार होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोतवालाच्या ज्ञानाचे गोडवे गाताना आपण एका जातीबद्ध चाकरीचे उदात्तीकरण तर करत नाही ना? कोतवालाचे काम वंशपरंपरेने एका अस्पृश्य ठरवलेल्या समाजाच्या गळ्यात पडले होते. रात्री-अपरात्री प्रेत राखत बसणे, सरकारी ओझी वाहणे, साहेबाच्या मुक्कामाला लाकूडफाटा पोचवणे, आणि वर्षाच्या शेवटी धान्यासाठी दारोदार जाणे, हे सगळे त्यात आले. डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यात महार वतनाविरुद्ध जे रान उठवले त्याचा गाभा इथल्या माणसालाही लागू होता. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली. ती ते हरले, पण त्यानंतर दोन वर्षांनी नागपूरच्या धम्मदीक्षेला या गावांतून माणसे गेली आणि परतल्यावर जुन्या चाकऱ्या नाकारू लागली. ते योग्यच झाले. माझा मुद्दा ती चाकरी टिकायला हवी होती असा नाही. उलट तिच्यातला अन्याय हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. राज्याला या माणसाची माहिती हवी होती, पण त्याला पगार, गणवेश, शिक्षण आणि बढतीची वाट द्यायची नव्हती. न्याय करायचा तर त्याच्या मुलाला शाळेत घालून शिपाई आणि पुढे फौजदार करायला हवे होते. प्रत्यक्षात चाकरी हळूहळू मोडली, आणि तिच्या जागी काही उभे राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे पाहिले की ही पोकळी स्पष्ट दिसते. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी आणि जमीनदारी रद्द केली, आणि मुकद्दमाचा जुना आधार गेला. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर इथली गावे नव्या चौकटीत बसवायला वेळ लागला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद वंशपरंपरेतून सोडवून नेमणुकीचे केले. उपविभागीय दंडाधिकारी नेमणूक करतो, उमेदवार दहावी झालेला आणि त्या गावचा रहिवासी असावा लागतो, त्याची लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. कोतवाल महसूल खात्याकडे गेला. म्हणजे वही एका खात्यात, खबर दुसऱ्या माणसाकडे, तपास तिसऱ्याकडे. पोलीस पाटील कागदावर मोठा दिसतो: गुन्ह्याची खबर देणे, बेवारस प्रेताचा सांभाळ, पुरावा जपणे, अनोळखी माणसावर नजर. पण तो पोलीस दलाचा घटक नाही. त्याला पगार नाही, मानधन आहे. ते २०२४ मध्ये ६,५०० वरून १५,००० रुपयांवर गेले तेव्हा कुठे ते सांगण्याजोगे झाले. फ्रेझर आयोगाची रेघ प्रजासत्ताकाने पुसली नाही, तिच्यावरून पुन्हा शाई फिरवली.

१९८० च्या दशकात या पोकळीत पहिल्यांदा शिरले ते नक्षलवादी. एप्रिल १९८० मध्ये आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची पथके गोदावरी ओलांडून गडचिरोलीत आली. पुढच्या काळात ती उत्तरेकडे सरकत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलात पोचली. त्यांनी आधी हात घातला तो तेंदूपत्त्याच्या मजुरीला आणि वनरक्षकाच्या चिरीमिरीला. हे दोन्ही प्रश्न गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, फक्त ठाण्याच्या डायरीत त्यांची नोंद नव्हती, कारण डायरीत गुन्हा लागतो आणि कमी मजुरी हा कोणी नोंदवलेला गुन्हा नव्हता. नक्षलवाद्यांनी त्याचा फायदा उठवला आणि मग त्याच गावांवर स्वतःची दहशत बसवली. गडचिरोली-गोंदियाच्या पट्ट्यात खबऱ्या असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांना आणि पोलीस पाटलांना ठार केले गेले. पोलीस पाटील हा राज्याचा गावातला एकमेव कान होता. त्याच्या मागे ना बंदूक होती ना दलाचे पाठबळ. ज्याला आपण आपल्यात घेतले नाही त्यालाच आपल्या वतीने मरावे लागले. डिसेंबर १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची बालाघाट जिल्ह्यातल्या किरणापूरजवळ त्यांच्या गावात नक्षलवाद्यांनी हत्या केली. गोंदिया जिल्हा तेव्हा आठ महिन्यांचाही नव्हता. किरणापूर आणि गोंदिया यांच्यात अंतर थोडे आहे, मधे राज्याची सीमा मात्र आहे. जंगलातल्या दलांनी या सीमांचा उपयोग नेमका ओळखला होता. पुढे त्यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून एकच एमएमसी झोन आखला. १९५६ ने जो मुलूख तोडला तो त्यांनी आपल्यापुरता जोडून घेतला. पोलिसांना तसे करायला फार उशीर लागला.

यावर कोणी म्हणेल की शेवटी प्रश्न सुटला तो बळाने. राज्य राखीव पोलीस दलाचा गट १५ गोंदियात आला, नागपूरजवळ सुराबर्डीला अपारंपरिक अभियानाचे प्रशिक्षण केंद्र झाले, गोंदिया आणि गडचिरोली यांचे मिळून एक परिक्षेत्र झाले, देवरीत अपर अधीक्षकांचे कॅम्प कार्यालय बसले, मुरकुटडोह, पिपरिया, गोठणगाव अशा ठिकाणी सशस्त्र दूरक्षेत्रे उभी राहिली. केंद्राच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये ९० जिल्हे होते आणि २०२१ मध्ये ७०. दोन्हींत गोंदिया होता. आज चित्र पालटले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एमएमसी झोनचा प्रवक्ता अनंत याच्यासह ११ जणांनी गोंदियात शस्त्रे खाली ठेवली. हे यश खरे आहे, आणि त्यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणा होईल. पण बळ कोणाचे होते, हे पाहायला हवे. बाहेरून आणलेली मोठी दले जंगलात चाचपडत राहिली. फरक पडला तो १९९० मध्ये गडचिरोलीचे अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांतून सी-६० पथक उभे केले तेव्हा. या मुलांना पायवाटा ठाऊक होत्या, गोंडी येत होती, कोणत्या महिन्यात कोणत्या नाल्याला पाणी असते हे माहीत होते. गोंदियातही त्याच धर्तीवर पथके झाली. शरणागतीसुद्धा गोळीने होत नाही. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे, आणि जंगलातला माणूस बाहेर येतो तो कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून, बहुधा नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या पोलिसाच्या. तेव्हा बळाचा विजय म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, तो जवळून पाहिला तर स्थानिक ज्ञानाला प्रथमच पगार आणि गणवेश मिळाल्याचा परिणाम आहे. माझी तक्रार याच्या पुढची आहे. हे ज्ञान आपण बंदुकीसाठी वापरले, तपासासाठी नाही. पथकातला शिपाई जंगल वाचू शकतो. पण आरोपपत्र लिहिणारा, साक्षीदाराला बोलते करणारा अधिकारी म्हणून त्याला घडवण्याचा विचार मागे राहिला.

घडवायला माणसे नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, आमगावला भवभूती महाविद्यालय झाले, तालुक्या-तालुक्यांत कला शाखेची महाविद्यालये निघाली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती आणि साक्षरता ८५ टक्क्यांच्या आसपास. भातगिरण्या आणि विडी यांच्यापलीकडे मोठा उद्योग नाही; तिरोड्याचा वीजप्रकल्प सोडला तर नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. म्हणून पहाटे रस्त्याने धावणारी पोरे-पोरी या जिल्ह्यात जागोजागी दिसतात. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी ५० गुण. त्यानंतर १०० गुणांचा लेखी पेपर, ज्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण. शिपायासाठी पात्रता बारावी, पण रांगेत पदवीधर आणि पदव्युत्तरही असतात. फ्रेझर आयोगाच्या डोळ्यांपुढे जो निरक्षर शिपाई होता तो आता अस्तित्वात नाही. आजचा शिपाई आणि परीक्षा देऊन थेट आलेला उपनिरीक्षक हे पुष्कळदा एकाच महाविद्यालयाच्या एकाच बाकावरून उठलेले असतात. असे असताना एकाला आयुष्यभर यांत्रिक कामे आणि दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून तपास, या विभागणीला आज कोणता आधार उरला? या भरतीत स्थानिक ज्ञानाला गुण जवळजवळ नाहीत, ही दुसरी अडचण. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडिया भाषेची स्वतंत्र परीक्षा आली, हे योग्य पाऊल आहे. गोंदियात गोंडीखेरीज पोवारी, छत्तीसगडी, हलबी बोलली जाते, झाडीबोली तर घराघरांत. पोलिसापुढे पहिली फिर्याद याच भाषांतून येते आणि कागदावर उतरताना तिच्यातले निम्मे गळून पडते.

शिपायाला नुसती यांत्रिक कामे देण्याने त्याचा माणूस म्हणून ऱ्हास होतो, हे नवे निदान नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलीस प्रशिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा कवायतीइतकेच समाज समजून घेण्याला महत्त्व द्यायला सांगितले. धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ मधल्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाच्या अवस्थेवर लिहिले आणि त्याला तपासाच्या कामात सामावून घ्यावे, बढतीची वाट मोकळी करावी असे सुचवले. २००६ च्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करण्याचा आदेश दिला. अहवाल चांगले होते. ते जिल्ह्यापर्यंत पोचलेच नाहीत. उलट जिल्ह्यात पोचली ती बदलीची भीती. गडचिरोली-गोंदियाची नेमणूक म्हणजे शिक्षा, असे वर्षानुवर्षे दलात समजले जाई. ती सुसह्य व्हावी म्हणून नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांना दीडपट वेतन देण्यात आले. जोखीम पाहता ते न्याय्यच आहे. पण पैशाने माणूस येतो आणि मुदत संपली की जातो. फौजदाराला गाव कळू लागते तेव्हा त्याच्या बदलीचा हुकूम निघालेला असतो. जो बदलून जात नाही तो शिपाई, आणि त्याच्या हाती तपास नव्हता.

सगळ्यात जोरदार आक्षेप अजून राहिला आहे. स्थानिक माणूस स्थानिक हितसंबंधांत गुंतलेला असतो. त्याची जात, त्याचे सोयरे, त्याची शेती तिथेच असते. दलित किंवा आदिवासी फिर्यादीला त्याच गावच्या प्रबळ जातीतला पोलीस न्याय देईल याची हमी काय? शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २००६ मध्ये खैरलांजीला दलित कुटुंबाचे जे हत्याकांड घडले, त्या प्रकरणात स्थानिक पोलिसांच्या वागण्यावर जे आरोप झाले, ते विसरून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. त्याच सरणीने कोणी असेही विचारील की १५ ऑगस्ट २००७ पासून तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावातले तंटे मिटले की दाबले गेले. मोहिमेने अनेक क्षुल्लक भांडणे कोर्टाबाहेर सोडवली. पण जिथे समितीवर एकाच समाजाचे वजन होते तिथे दुबळ्याला मिटते घ्यावे लागले असणार, हे समजायला पुरावा लागत नाही. हा धोका मी मान्य करतो. पण त्यावर परक्या माणसाचा उपाय चालत नाही, हे खैरलांजीनेच दाखवले, कारण तिथले अधिकारी त्या गावचे नव्हते. बाहेरून आलेला अधिकारी गावातल्या बोलक्या आणि वजनदार माणसाकडूनच गाव समजून घेतो, आणि मग त्याचीच बाजू त्याला खरी वाटू लागते. गोंड, हलबा, पोवार, कुणबी, बौद्ध, ढिवर अशा सगळ्या समाजांतली मुले-मुली एकाच ठाण्यात असतील आणि त्यांच्या तपासावर वरून कायदेशीर देखरेख असेल, तर एकाचा कल दुसऱ्याच्या नजरेत येतो. महिलांसाठीच्या ३० टक्के आरक्षणाने हे थोडे साधले आहे. बाईने बाईकडे फिर्याद देणे या जिल्ह्यात आता शक्य आहे. आपले गाव सोडून शेजारच्या तालुक्यात नेमणूक द्यावी एवढी साधी खबरदारी पुरेशी आहे. भाषा आणि मुलूख तोच राहतो, सोयरे मागे राहतात.

आणि नवे गुन्हे? त्यांना गाव कुठे आहे, असे विचारता येईल. जुलै २०२३ मध्ये एका नागपूरच्या व्यापाऱ्याच्या फिर्यादीवरून नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला आणि ऑनलाइन जुगाराच्या फसवणूक प्रकरणात कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने-चांदी जप्त केली. ॲप कुठले, सर्व्हर कुठला, हे पडद्याआड राहते. पैसा मात्र शेवटी एखाद्या गल्लीतल्या कपाटात येऊन बसतो, आणि अचानक आलेली श्रीमंती गल्लीला दिसतेच. ओटीपी सांगून बसलेल्या शेतकऱ्याची गोष्टही तशीच. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येते. तो तास वाचवणारा माणूस मुंबईतल्या सायबर कार्यालयात नसतो, तो केशोरी किंवा चिचगडच्या ठाण्यात असावा लागतो, आणि त्याला बँकेची भाषा व गावकऱ्याची भाषा दोन्ही यावी लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. वीजतारांचा सापळा लावून होणारी शिकार कोण करतो हे वनखात्याच्या कॅमेऱ्याआधी गुराख्याला कळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेटही. तिच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ नागपूरहून येईपर्यंत घटनास्थळ राखायचे कोणी? पावसाळ्यात मुरकुटडोहला सर्वांत आधी पोचेल तो शिपाईच. त्याने चिखलातला ठसा झाकला की तुडवला यावर प्रयोगशाळेचा अहवाल अवलंबून राहील.

म्हणूनच २०२५ मध्ये राज्याच्या गृह विभागाने काढलेली एक अधिसूचना मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, जरी तिची चर्चा शस्त्रे ठेवणाऱ्यांच्या छायाचित्रांइतकी झाली नाही. पदवीधर असलेल्या, सात वर्षे सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयात अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या शिपायाला तपासाचा अधिकार तिने दिला. त्याआधी २०२२ मध्ये पोलीस नाईक हा मधला दर्जा काढून शिपायाची उपनिरीक्षकापर्यंतची वाट आखूड करण्यात आली होती. १९०३ ची रेघ कायद्याने पुसली गेली ती इथे. आता प्रश्न अंमलाचा आहे, आणि तो गोंदियात विशेष अडचणीचा आहे. सशस्त्र दूरक्षेत्रांत वर्षानुवर्षे पहारा दिलेले शेकडो शिपाई पदवीधर आहेत, पण त्यांच्या सेवापुस्तकात अभियाने आहेत, तपास नाही. नक्षलवादाचे सावट सरल्यावर ही दूरक्षेत्रे बंद करून माणसे परत बोलवायचा मोह होईल. दीडपट वेतनाचा खर्चही डोळ्यांवर येईल. ती बंद न करता तिथे तपास करू शकणारे शिपाई ठेवावेत, नाशिकच्या अभ्यासक्रमाचा एक भाग देवरीत आणावा, त्यात वनहक्क कायदा, गोंडी आणि सायबर तक्रारीची कार्यपद्धती शिकवावी, पोलीस पाटलांना वर्षातून काही दिवस त्याच वर्गात बसवावे, आणि बालाघाट व राजनांदगावच्या बाजूच्या शिपायांना त्या वर्गाला बोलवावे. आज बाविसाव्या वर्षी भरती झालेली सालेकशाची मुलगी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. तिच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत दहा-बारा अधीक्षक येतील आणि जातील. तिची सात वर्षे भरली की नाशिकच्या वर्गासाठी तिचे नाव पाठवायचे की पुन्हा बंदोबस्ताच्या यादीत टाकायचे, हा निर्णय त्यांपैकी कोणाच्या तरी टेबलावर येईल.